हा कर

“हुंगता काय, भाऊ?”

कडूबानं हे विचारलं ते अगदी हळू, मिठीतल्या मिठीत, रामहरीच्या कानापाशी. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. टाइम काय झाला, असं कोणी विचारावं तसा साधा प्रश्न. मग तो बाजूला झाला, चपला दाराशी काढल्या आणि आत जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. रामहरी दारातच राहिला, हात अजून मिठीच्या मापाचे धरून. मागून आलेल्या शिवराजनं “काय भाऊ, पुतळा झाला का तुमचा?” असं विचारलं, तेव्हा कुठं त्यानं हात खाली घेतले.

बुधवारची संध्याकाळ होती. उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेच्या तळमजल्यावरची ही खोली बुधवारी आणि शनिवारी, पोरं घरी गेल्यावर, दारू सोडलेल्या आणि सोडू बघणाऱ्या माणसांच्या ग्रुपला मिळायची. ग्रुपात साहेब कोणी नाही, जो तो काही ना काही सेवा करतो. कोणी चहा आणतो, कोणी खुर्च्या मांडतो, आणि रामहरीकडे बऱ्याच वर्षांपासून दार होतं. दार म्हणजे काय, तर येणाऱ्याला दारातच गाठायचं, हात हातात घ्यायचा, छातीशी धरायचं आणि म्हणायचं, “बरं केलं आलास. ये, आत ये.” एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिल्यांदा येणारा माणूस फाटकापासून दारापर्यंत कसा येतो, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच ठाऊक, की तेवढ्या अंतरात तो मनातल्या मनात चारदा माघारी फिरलेला असतो. रामहरीच्या मिठीनं असे कितीतरी आत ओढले होते. बद्रीनाथकाका, औरंगपुऱ्यातल्या साड्यांच्या दुकानात गादीवर बसून आयुष्य घातलेले, ग्रुपातले सगळ्यात जुने. ते नव्या माणसाला फोनवर सांगायचे, “तू फक्त गेटपर्यंत ये रे बाबा, आगे का रामहरी देख लेता.” हे कानावर पडलं की रामहरीला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, बरं वाटण्याच्या थोडं पुढंच वाटायचं.

मिटिंग सुरू झाली आणि कोण काय बोलतंय त्यातलं त्याच्या कानात काही शिरेना. हुंगता काय. छ्या, काहीतरीच! मिठी मारताना माणसानं नाक काय खिशात घालून ठेवायचं? श्वास घेतो माणूस, त्यात काय एवढं? अशी त्यानं आपली वकिली आपणच मांडून बघितली, आणि ती वठलीही असती, पण तेवढ्यात मनात, कोणी बोलावलेलं नसताना, बडीशेप आली. कडूबाच्या अंगाला कसला वास होता? सिमेंटचा, घामाचा, तंबाखू-चुन्याचा आणि वरून बडीशेपेचा. त्या बडीशेपेपाशी तो, रामहरी, एक श्वास जास्तीचा थांबला होता. तिच्या खाली काय झाकलंय ते बघायला. बडीशेप ही काय चीज आहे ते त्याला चांगलं माहीत होतं. एके काळी त्यानं बडीशेप खाल्ली होती, पेरूची पानं चघळली होती, कच्चा कांदा फोडून खाल्ला होता, एकदा तर बोटभर टूथपेस्ट गिळली होती. म्हणजे हुंगलं होतं. नुसतं आजच नाही. त्यानं गोलात बसलेल्या एकेकाकडं बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं, की ह्यातल्या एकाचंही आडनाव त्याला ठाऊक नाही, ग्रुपात ते विचारत नाहीत, पण वास मात्र सगळ्यांचे तोंडपाठ आहेत. शिवराज म्हणजे डिझेल आणि जास्वंदीचं तेल. काका म्हणजे कोऱ्या साडीची खळ आणि लवंग. हे सगळं आपण कधी गोळा केलं? कोणी सांगितलं होतं? त्याला लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण लाजेच्याही आधी त्याला नवल वाटलं. आपल्याच घरात एखादी खोली असावी आणि आपल्याला आजवर दिसू नये, तसलं काहीतरी.

कोपऱ्यातून कडूबा बोलायला लागला तेव्हा मात्र त्याचे कान टवकारले. कडूबा तिशीचा असेल, काटक, नखांत पांढरं सिमेंट बसलेलं. “मी कडूबा,” तो म्हणाला, “फरश्या बसवतो. करमाडच्या पल्याड आमची वाडी हाय. माझ्या आदीची लेकरं जगली नाय, म्हून मायनं माझं नाव कडू ठिवलं. देवानं तोंडात घालावं आन कडू लागलं म्हून थुकून द्यावं. देवानं थुकलं. पण दारूला काय मी कडू लागलो नाय.” कोणीतरी हसलं, कोणीतरी हुंदक्यासारखं काहीतरी गिळलं. “आज पेलेलो नाय,” तो पुढं म्हणाला, “पण हे कोनाला सांगावं, आन त्यानं कामून खरं मानावं, हे कळत नाय मला.” बोलताना त्यानं रामहरीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं असं रामहरीला वाटलं. सुटताना तो सगळ्यांच्या आधी उठला. फाटकाबाहेर एक म्हातारी पदर डोक्यावर घेऊन उभी होती, तिच्याबरोबर चालू लागला. ती त्याची माय असणार. तिनं जाता जाता मान वर करून लेकाच्या तोंडाजवळ नाक नेलं, एकदाच, सवयीनं, आणि रामहरीनं लांबून बघितलं की कडूबानं तेवढ्यापुरता श्वास धरला.

घरी जाताना जालना रोडवर त्याची गाडी जरा हळूच चालली. आज नाक नको इतकं जागं झालं होतं. कुठं रस्सा, कुठं रबर, कुठं फुलांच्या गाड्यावरचा शेवंतीचा ओला वास. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाला इस्त्रीचा वास होता, आणि रामहरी नकळत तिकडं झुकला, तसा तो माणूस “क्या हुआ भाई?” म्हणून बघायला लागला. रामहरीला एकदम हसू आलं. मेंढरांच्या घरात जन्मलेल्या माणसाचं नाक आहे हे, त्याला दोष तरी किती द्यायचा? आबांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, कळपात मेंढ्या व्यायल्या की पोरगं रामहरी तासन्‌तास मेंढवाड्याच्या काटेरी कुंपणापाशी बसून राहायचं. शंभर कोकरं सारखीच दिसणारी, सारखीच ओरडणारी, पण मेंढी शेपटीपाशी एकदा हुंगायची आणि आपलं ते ठेवून घ्यायची, दुसऱ्याला ढुशी मारून लांब करायची. मग एखादी मेंढी मरायची, तिचं कोकरू पोरकं व्हायचं. दुसऱ्या एखादीचं कोकरू मरायचं, तिचं थान तटतटायचं. आबा तिचं दूध काढायचे आणि त्या पोरक्याच्या पाठीला, शेपटीला, तोंडाला चोळायचे. मेंढी हुंगायची. थांबायची. पुन्हा हुंगायची. आणि मग उभी राहायची, पाजायची. “आबा, तिला कळत नाय का, हे दुसरीचं हाय?” असं त्यानं विचारलं होतं. “कळतंय की,” आबा हात पुसत म्हणाले होते, “कळूनशान पाजती.” “मंग हुंगती कामून?” ह्यावर आबा नुसते हसले होते. त्या हसण्यात काय होतं, ते त्याला आज जालना रोडवरही कळलं नाही.

आणि ‘हा कर’. ते तर त्यानं कितीतरी वर्षांत आठवलंच नव्हतं. शेंद्र्याच्या कंपनीत नोकरी लागली, हातात पगार आला, पगाराबरोबर बाटली आली. मग संध्याकाळी घराच्या दारातच माय उभी. दगडाबाई. तिच्याही आधीची जगली नव्हती, म्हणून ती दगड. ती बाजूला व्हायची नाही. “हा कर.” एवढंच म्हणायची. बायको आत, पोरगी आत, शेजारीपाजारी ओट्यावर, आणि नोकरदार बाप्या दारात तोंड उघडून मायच्या नाकावर “हाऽऽ” करतोय. प्यालेला असला की त्याला कधी काही वाटायचं नाही, शिव्या देऊन आत घुसायचा. पण ज्या दिवशी प्यालेला नसायचा, आणि असे दिवसही होते, त्या दिवशी मात्र ते “हा” करताना त्याच्या पोटऱ्या कापायच्या. खरं असूनही. खरं असून का कापायच्या? कडूबानं धरलेला श्वास त्याला पुन्हा दिसला. घर आलं होतं, तरी तो थोडा वेळ गाडीवरच बसून राहिला.

शनिवारी कडूबा आला नाही. त्याची माय आली. भागूबाई नाव सांगितलं तिनं. दारापाशी थबकली, बायाबापड्यांना आत घेतात की नाही ते ठाऊक नसल्यागत, आणि विचारलं, “दादा, माझा कडू आलाय का हितं?” नाही म्हटल्यावर ती पायरीवरच बसली. कालपासून कामावर गेला नाही, म्हणाली. ठेकेदाराचा माणूस दोनदा येऊन गेला. “मी म्हनलं, जा की बाबा शनवारी बी. तर म्हनतो, तितं दारावर एक मानूस हाय, तोंड हुंगतो. मी म्हनलं, मंग बरंच हाय की. तर मला म्हनतो, घरी तू, तितं त्यो. मंग म्या श्वास सोडायचा कुठं?” रामहरीच्या लक्षात आलं, ही म्हातारी तक्रार करायला आलेली नाही, हिला ठाऊकच नाही आपण कोणाशी बोलतोय. गप्प बसता आलं असतं. “तो मीच, मावशी,” तो म्हणाला. भागूबाईनं त्याच्याकडं बघितलं, पायापासून नाकापर्यंत, आणि नाकापाशी तिची नजर थांबली. “तुमी?” ती म्हणाली. “दादा, हुंगायला मी हाय की घरी. त्यासाठी म्या त्याला इतक्या लांब आनलं व्हय?” मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली. तिच्या पाठीकडं बघताना रामहरीला लख्ख कळलं की आता हा माणूस परत आला नाही, तर दारू त्याला पिऊन टाकील, आणि त्याला तिच्याकडं परत ढकलणारं हे आपलं नाक असेल. बाकी सगळं जाऊ दे, कडूबा यायला पाहिजे.

मिटिंग संपल्यावर त्यानं बद्रीनाथकाकांना गाठलं. काका कपातला शेवटचा घोट ओढत होते. “काका, मला दार नको. मी कपबशा धुतो.” “कामून?” त्यानं सांगितलं. सगळं, बडीशेपेपासून भागूबाईपर्यंत. आणि काका हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेनात. “अरे बावळटा, आम्हाला काय माहीत नव्हतं? पूरे ग्रुप को मालूम है. मी खास तुझ्यासाठी लवंग तोंडात टाकून येतो. शिवराज डोक्याला तेल लावून येतो. त्याला वाटतं तुला आवडतं.” एवढी वर्षं रामहरीची समजूत होती की दारावर उभा राहून आपण ह्या सगळ्यांना सांभाळतोय. आणि हे सगळे, दर बुधवारी-शनिवारी, एकेक करून, ह्याच्या नाकाखालून मुकाट जात होते, ह्याला सांभाळून घेत. “मग सांगितलं का नाही कोणी?” “काय सांगायचं? नाक तुझं होतं, मिठी बी तुझीच होती. मिठी खरी होती. आम्ही दोन्ही घेतलं.” मग काकांनी कप खाली ठेवला आणि हसणं आवरलं. “पण नव्या माणसाला ते कसं कळावं? त्याला आदी नाकच लागतं. हे बघ, दार सोडायचं नाही. कपबशा म्हणजे लपायला लई झकास जागा आहे, मी लपलेलो आहे तिथं. दारावरच उभा राहा. फक्त नाकानं कांदे सोलायचं दुकान बंद कर.” “पण कसं, काका? ते आपोआप होतं.” “ते मला काय माहीत? मी साड्या विकल्या जन्मभर,” काका म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

रविवारी सकाळी दिपाली, त्याची बायको, परातीत डाळ घेऊन खडे निवडत बसली होती. तो तिच्यासमोर जाऊन बसला, थोडा वेळ त्यानंही खडे निवडले, आणि मग विचारलं, “तू मला अजून हुंगतीस का?” तिनं मान वर केली. “हे काय आता सकाळी सकाळी?” “सांग ना.” “मी कवा हुंगलं तुमाला? सासूबाई हुंगायच्या. मला त्या वासानं मळमळायचं, मी कशाला जवळ येऊ?” हे त्याला अगदीच नवं होतं. घरातल्या सगळ्या नाकांनी आपल्याला ओळखलंय, अशा हिशोबानंच तो आजवर जगत आला होता. “मग तुला कळायचं कसं, मी पिऊन आलोय ते?” दिपाली जराशी हसली, आपलं एखादं गुपित आता सांगायला हरकत नाही असं ठरवल्यागत. “चपलांवरून. प्यालेले असले की दोनी चपला कशा नीट जोडून ठिवायचे तुमी. भिंतीला लावून, सरळ. आन प्यालेले नसले की एक हिकडं, एक तिकडं.” आपण शुद्धीवर आहोत हे दाखवायला रामहरीनं काय काय केलं असेल, ते सगळं त्याला आठवेना, पण चपला? चपला तर त्याला खरंच ठाऊक नव्हत्या. “आन आता?” त्यानं विचारलं. “आता काय?” “आता बघतीस का?” ती डाळीत बोटं फिरवत राहिली. “बघत नाय. ऐकते. एक पडली की दुसरीची वाट बघते. दुसरी लांब पडली की फोडणी टाकते.” म्हणजे इतकी वर्षं, रोज संध्याकाळी, कढईत तेल तापत असताना, ती एका चपलेपासून दुसऱ्या चपलेपर्यंत थांबत होती. त्याला वाईट वाटलं का? वाटलं असेल. पण तो उठून दाराशी गेला ते बघायला. एक चप्पल पायपुसण्यावर होती, दुसरी उलटी होऊन पार कुंडीपाशी जाऊन पडली होती. त्यानं ती सरळ करायला हात पुढं केला, आणि तसाच मागं घेतला.

सोमवारी त्याला शिंका सुरू झाल्या आणि मंगळवारपर्यंत नाक असं चोंदलं की दिपालीनं मोठ्या पातेल्यात पाणी उकळून, निलगिरीचे थेंब टाकून, डोक्यावर चादर घालून त्याला वाफ घ्यायला बसवलं. चादरीखाली अंधार, वाफ, आणि वास मात्र शून्य. निलगिरी डोळ्यांना झोंबत होती, नाकाला तिचा पत्ता नव्हता. त्या ओल्या अंधारात त्याला माय आठवली, शेवटच्या आजारातली. तोवर त्यानं दारू सोडून बरेच दिवस झाले होते, ग्रुपात नाव झालं होतं, दार मिळालं होतं. गावाकडच्या घरात ती खाटेवर पडलेली, पाखरासारखी हलकी झालेली. तो आपणहून तिच्या तोंडाजवळ वाकला होता. “माय, हुंग. हा करतो बघ.” आणि त्यानं चांगला छाती भरून “हाऽऽ” केला होता. निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा तो तिच्या तोंडाकडं बघत होता. ती म्हणाली, “मला आता कशाचाच वास येत नाय रे रामा.” थांबली. “तू म्हनशील ते खरं.” तेव्हा त्याचा हिरमोड झाला होता. एवढा अभ्यास केला आणि पेपर तपासणारीच गेली! तिचं ते वाक्य त्यानं घेतलंच नाही, तसंच खाटेवर सोडून तो उठला होता. आणि त्याच महिन्यात कधीतरी, आता चादरीखाली त्याला वाटलं, दारावर आपण हुंगायला लागलो असू. की त्याच्या आधीच? नक्की काही सांगता येईना. वाफेचं पाणी त्याच्या हनुवटीवरून ठिबकत होतं, त्यात थोडं डोळ्यांतलंही होतं. “झालं का?” दिपालीनं बाहेरून विचारलं. “थांब जरा,” तो म्हणाला.

बुधवारी तो वेळेच्या आधीच दारावर जाऊन उभा राहिला, चोंदलेल्या नाकानं, खिशात तीन रुमाल. माणसं यायला लागली. त्यानं शिवराजला छातीशी धरलं, आणि शिवराज म्हणजे नुसता शिवराज, रुंद पाठीचा, धापा टाकणारा. काकांना धरलं तेव्हा त्यांच्या पाठीची हाडं हाताला लागली. ती इतकी वर आलीत हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. त्याला मौज वाटली. नाक गेलं तर माणसं केवढी जवळ आली! पण ही मौज काही फार वेळ टिकली नाही, कारण फाटकातून कडूबा आत येताना दिसला, आणि फाटकाबाहेर पदर डोक्यावर घेतलेली भागूबाई. आणि लगेच रामहरीचे डोळे कामाला लागले. चाल कशी आहे? पाय नीट पडतोय, की नीट पडावा म्हणून जपून पडतोय? डोळे लाल आहेत, ते रडून, की जागून, की? नाकाचं दार बंद झालं तर हा संशय मेला खिडकीतून आत येतो! कडूबा आला आणि हाताच्या अंतरावर थांबला. मिठीत आला नाही.

“हुंगा,” तो म्हणाला. हनुवटी पुढं केली. “आज हुंगाच, भाऊ.”

ह्या “आज”चा अर्थ काय घ्यायचा? आज मी स्वच्छ आहे, खात्री करा? की आज मी प्यालोय, हाकलून द्या, म्हणजे मी सुटलो? आवाजावरून दोन्ही निघत होतं. रामहरीला खरंच, अगदी पोटातून, जाणून घ्यायचं होतं.

“नाक बंद हाय,” तो म्हणाला. “सर्दी झालीय. कायच येत नाय वास.”

कडूबानं त्याच्याकडं निरखून बघितलं. थट्टा करतोय की काय, असं. रामहरीचं नाक लाल होतं आणि वेळेवर वाहायलाही लागलं. त्यानं रुमाल काढला.

“तू म्हनशील ते खरं,” रामहरी म्हणाला. हे वाक्य आपल्या तोंडून येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

“मी तर अजून कायच म्हनलो नाय.”

“नको म्हनू मंग.”

आत कोणीतरी खुर्ची ओढली. कडूबाच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, हसू म्हणावं असं नाही. “मंग तुमी करा,” तो म्हणाला. “तुमी करा हा. मी हुंगतो.”

आता बघा, दारू सोडून कितीतरी वर्षं झाली होती. ग्रुपातल्या पोरासोरांना रामहरीचा दाखला देत होते. ह्यानं काय म्हणून एका नव्या माणसापुढं तोंड उघडावं? आणि तरी त्याच्या पोटऱ्या कापायला लागल्या, थेट मायच्या दारातल्यासारख्या. प्यालेलो नाही, थेंब नाही, कित्येक वर्षांत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि ते ठाऊक असण्याचा काही म्हणजे काही उपयोग होत नव्हता. समोरचा काय म्हणेल त्यावर सगळं होतं. असं वाटतं होय, त्यानं मनाशी म्हटलं. दारात उभ्या असलेल्याला दर वेळी असंच वाटत असणार. तो पुढं झुकला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

“हाऽऽ.”

कडूबानं खरोखरच हुंगलं. घाई केली नाही. थांबला, पुन्हा एकदा हुंगलं. मेंढी हुंगते तसं, रामहरीला वाटलं.

“निलगिरी,” कडूबा म्हणाला. आणि मग हळूच, “आन भ्या.”

“भ्याला वास असतो व्हय?”

“असतो की. मला वळखू येतो.”

मग कडूबा चपला काढायला खाली वाकला. रामहरीला ते एकदम आठवलं: नीट जोडून, भिंतीला लावून, की एक हिकडं, एक तिकडं. नुसती नजर खाली न्यायची होती. त्याच्याएवढं कुतूहल त्या शाळेत त्या वेळी कोणालाच नसेल. त्यानं तोंड फिरवलं आणि फाटकाकडं बघत राहिला. तिथं भागूबाई उभी होती, हातात पदराचं टोक धरून, आणि ती बरोबर त्याच्याकडंच बघत होती. पायापाशी एक चप्पल पडल्याचा आवाज झाला. दुसरीचा कधी झाला ते त्यानं ऐकलं नाही, कारण तेवढ्यात त्यानं नाक जोरात शिंकरलं.

तो वळला तेव्हा कडूबा उंबऱ्याच्या आत उभा होता. त्यानं हात पुढं केला होता.

“बरं केलं आलात,” कडूबा म्हणाला. “या, आत या.”

रामहरीनं त्याचा हात धरला आणि तो आत गेला.